पिलातापर्यंत

त्या रविवारी ‘कुमारी मरीयेपासून जन्मला’ हे शब्द माझ्या तोंडून निघालेच नाहीत. आजूबाजूला सगळी मंडळी उभी राहून एका सुरात मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची कबुली, म्हणत होती. लहानपणापासून पाठ असलेला, अर्धवट झोपेतही न अडखळता म्हणता येईल असा. माझा आवाज त्यात होता, मग एका ओळीपुरता नव्हता, आणि पुढच्या ओळीला पुन्हा मिसळला. कोणाच्या लक्षात आलं नाही. निदान मी पुढची कितीतरी वर्षं तसं धरून चालले होते.

मी ठरवून गप्प बसले नव्हते, हे आधीच सांगते. मी खरं तर जास्त श्रद्धाळू व्हायला निघाले होते आणि तिथेच पाय घसरला. घसरला म्हणावं का, हे अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

वय तेव्हा एकतीस. संडे स्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे होता. ईस्टरच्या आधी येशू मेलेल्यांतून उठला त्या पुनरुत्थानाचा धडा घ्यायचा होता आणि दर वर्षीचा चित्रं चिकटवायचा प्रकार मला नको होता. म्हणून वहीच्या जोडपानावर येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांचे चार रकाने आखले: मत्तय, मार्क, लूक, योहान. डाव्या बाजूला प्रश्न लिहिले. कबरेकडे कोण गेलं? धोंड कोणी लोटली? तिथे कोण दिसलं? मग त्यांनी काय केलं? मुलांनी वाचून रकाने भरायचे. शनिवारी रात्री आधी आपणच भरून बघावं म्हणून बसले.

शुभवर्तमानं आपण उभी वाचतो. एक संपलं की दुसरं. आडवी वाचायची वेळ येत नाही. त्या रात्री पहिल्यांदा आडवी वाचली. मार्कच्या रकान्यात तीन बायका: मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. मत्तयात दोघी. लूकमध्ये योहान्ना आणि आणखी कोणीकोणी. योहानात मरीया एकटी. मार्कमध्ये धोंड आधीच बाजूला झालेली आणि आत पांढरा झगा घातलेला एक तरुण बसलेला. मत्तयात भूकंप होतो, देवदूत उतरतो, धोंड लोटतो आणि तिच्यावरच बसतो. लूकमध्ये लखलखीत वस्त्रांतले दोन पुरुष. योहानात मरीयेला आधी कोणीच दिसत नाही, ती पेत्राकडे धावत जाते, देवदूत दिसतात ते नंतर. मत्तयात शिष्यांना निरोप मिळतो की गालीलात जा, तिथे तो भेटेल. लूकमध्ये येशू त्यांना शहरातच थांबायला सांगतो.

यातलं काहीही मी पहिल्यांदा वाचत नव्हते. तीस वर्षं ऐकत होते. शेजारी शेजारी मांडलेलं मात्र कधी पाहिलं नव्हतं.

तरी मी निवांत होते. चार साक्षीदार असले की तपशील थोडे इकडेतिकडे होणारच, अपघात पाहिलेल्या चार जणांना विचारा, असं आम्हाला नेहमी सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी मुलांनाही तेच सांगायचं ठरवलं होतं. मुलं रकाने भरत गेली. मार्कच्या शेवटच्या चौकोनात त्यांनी लिहिलं की त्या कबरेपासून पळाल्या आणि भ्यायल्या होत्या म्हणून कोणाला काही बोलल्या नाहीत. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “टीचर, त्या कोणालाच बोलल्या नाहीत, तर मग मार्कला कळलं कसं?”

वर्ग हसला. मीही हसले. म्हटलं, “नंतर कधीतरी सांगितलं असेल.” त्याने मान डोलावली आणि चौकोनात पेन्सिलीने लिहिलं, ‘नंतर सांगितलं’. मग जरा थांबून कंसात ‘असेल’.

तो कंसातला ‘असेल’ मी घरी घेऊन आले.

मार्कच्या सोळाव्या अध्यायात आठव्या वचनानंतर आणखी बारा वचनं आहेत. त्यांत येशू दर्शन देतो, सगळं नीट मार्गी लागतं. पण माझ्या प्रतीत त्या वचनांना कंस घातलेला होता आणि तळाशी बारीक अक्षरांत टीप होती की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग सापडत नाही. ती टीप इतकी वर्षं तिथेच होती. छपाईत काहीतरी गडबड असावी अशाच नजरेने मी ती ओलांडत आले होते.

सिनायटिकस नावाचं बायबलाचं चौथ्या शतकातलं हस्तलिखित आहे. त्याची पानं 2009 पासून इंटरनेटवर कोणालाही बघता येतात. एका रात्री ते पान उघडलं. पानावर चार अरुंद रकाने, सगळी ग्रीक मोठी अक्षरं, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. मला ग्रीक येत नाही. अक्षरमाला समोर ठेवून एकेक अक्षर जुळवत शेवटच्या दोन शब्दांपर्यंत पोचले: एफोबूंतो गार. ‘त्या भीत होत्या’ आणि ‘कारण’. ग्रीकमध्ये हा ‘कारण’ क्रियापदाच्या मागे येतो, त्यात जगावेगळं काही नाही. पण तिथे मार्कच्या मजकुराचा शेवटचा शब्द तोच आहे, आणि खाली, पुस्तकाचं नाव सोडलं तर, रकान्याचा उरलेला भाग कोरा. त्या कोऱ्या जागेकडे मी किती वेळ बघत बसले, सांगता यायचं नाही. पुस्तक ‘कारण’ म्हणून थांबतं आणि पुढे कातडं दिसतं.

पुढची दोन वर्षं वाचनात गेली. चार साक्षीदारांचं उदाहरण टिकेना, कारण मार्कचा जवळजवळ नव्वद टक्के मजकूर मत्तयात आहे, पुष्कळ ठिकाणी शब्दाला शब्द लावून. अपघात पाहिलेल्या माणसांनी एकमेकांचे जबाब समोर ठेवून आपले जबाब लिहिले, तर त्यांना वेगवेगळे साक्षीदार कोण म्हणेल? मरीयेचा नवरा योसेफ, त्याचा बाप मत्तयात याकोब आहे आणि लूकमध्ये एली. मत्तयात येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळात होतो, आणि हेरोद इसवी सनापूर्वी 4 मध्ये वारला असं बहुतेक इतिहासकार मानतात. लूक जी शिरगणती सांगतो, ती क्विरीनिय या रोमन सुभेदाराच्या अमलातली, इसवी सन 6 ची. मधली नऊ-दहा वर्षं सांधायला लोकांनी जी बुद्धी खर्च केली आहे तिचं मला खरंच कौतुक वाटतं. पण सांधणाऱ्याला निकाल आधीच ठाऊक असतो, हे एकदा दिसलं की मग दिसतच राहतं. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट, ‘ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड मारावा’, ही माझी सगळ्यांत लाडकी. तीही योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. त्या दिवशी मी रडले. वंशावळ्यांसाठी कोणी रडत नाही.

आमच्या पाळकसाहेबांकडे गेले तेव्हा वही बरोबर नेली होती. ‘शंका सैतानाकडून येते’ एवढं ऐकून परत यायची तयारी ठेवली होती. त्यांनी वही शांतपणे चाळली. रकाने पाहिले, पेन्सिलीची अक्षरं पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे सगळं आम्हाला सेमिनरीत शिकवतात. पुलपिटावरून कसं सांगायचं, ते शिकवत नाहीत.” आणि प्रार्थना करून त्यांनी मला निरोप दिला. त्यांचा राग यावा असं मला फार वाटत होतं. आला नाही. पण घरी येताना लक्षात आलं की आता विचारायला कोणी उरलेलं नाही.

इथवरची गोष्ट डोक्याची होती. डोक्याने माणूस वर्षानुवर्षं दोन्ही बाजू सांभाळून राहू शकतो. मीही राहिले असते.

मग बाबा आजारी पडले. अकरा महिने अंथरुणावर होते. शेवटी शेवटी त्यांना कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागत. त्यांच्यासाठी एक नर्स यायची. देव वगैरे तिला काही नव्हतं, ते ती मोकळेपणाने सांगायची. आम्ही प्रार्थनेला बसलो की खोलीबाहेर जाऊन उभी राहायची, झाली की आत यायची. बाबांच्या पाठीला हात लावण्याआधी ती दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम करून घ्यायची. रोज. एकदाही विसरली नाही. मी मात्र घाईत कितीदा तसाच गार हात लावला असेन. बाबा दचकायचे.

बाबा गेले. पुढच्या वर्षी तीही गेली, अपघातात. प्रार्थनासभेत मी तिच्याबद्दल बोलले, तिच्या माणसांसाठी प्रार्थना करू या म्हणाले. सभा संपल्यावर एक बाई जवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, “भली होती हो बिचारी. पण प्रभूला ओळखलं नाही ना तिने.”

त्या बाईंनी काही वाईट म्हटलं नव्हतं. आम्हाला शिकवलेलं जे होतं त्याचा हिशेब मांडून दाखवला होता. तारण कोणाचं, कोणाचं नाही, हे मीही मुलांना शिकवलं होतंच. फक्त त्या हिशेबात इतके दिवस कोणाचे तळवे नव्हते. नंतर मी नरकाबद्दल जे मिळेल ते वाचलं. जुन्या करारातला ‘शिओल’ म्हणजे मेलेल्या सगळ्यांचंच ठिकाण, भल्याचं आणि बुऱ्याचंही. येशूच्या तोंडी येणारा ‘गेहेन्ना’ हा शब्द यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यावरून आलेला. हे सगळं कामाचं होतं, पण मला ते कळून घ्यायची गरज नव्हती, हेही खरं. त्या रविवारी ‘जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला येईल’ ही ओळ गेली. तिच्या मागोमाग ‘आकाशात चढला’ गेली, ‘उजवीकडे बसला आहे’ गेली. ‘तिसऱ्या दिवशी’ तर आधीच गेली होती, वहीच्या रात्रीच्या सुमारास.

लोकांना वाटतं श्रद्धा गेली म्हणजे मतं गेली. मतं जाण्याचं मला फारसं काही वाटलं नाही. बोलायला कोणी उरलं नाही, त्याचं वाटलं. सहा वर्षांची असल्यापासून रात्री अंथरुणावर पडलं की दिवसाचं सगळं सांगायची सवय: कोणाशी भांडले, काय हरवलं, कशाची भीती वाटते. ऐकणाऱ्यावरचा विश्वास उडाला तरी तोंडाची सवय जाईना. दिवा मालवला की ‘हे स्वर्गीय पित्या’ आपोआप यायचं, आणि तिथे थांबायचं. वाक्याचं संबोधन आहे, पुढे वाक्य नाही. काही रात्री मी नुसती यादी म्हणायचे, संबोधन गाळून. ती प्रार्थना होती की नाही, कोणाला विचारणार?

सांत्वन करायला आलेले मदर तेरेसांचं उदाहरण देतात. 2007 साली त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाचं अस्तित्व जाणवत नव्हतं, असं त्यांतून दिसतं. बघ, एवढी मोठी संतसुद्धा! मला त्या पत्रांनी धीर आला नाही, धडकी भरली. पन्नास वर्षं? मला धीर दिला तो बायबलातल्या 88 व्या स्तोत्राने. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी वळण घेतात, ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ म्हणून. हे घेत नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधार या शब्दावरच येऊन संपतं. ज्या कोणी ही दीडशे स्तोत्रं एकत्र बांधली, त्याने हे फेकून दिलं नाही. तेवढ्यावर मी एक हिवाळा काढला.

दुसऱ्या बाजूलाही जाऊन आले. धर्म सोडलेल्यांची भाषणं ऐकली, पुष्कळ ऐकली. मुद्दे बरेचसे पटायचे. पण तोच चढा आवाज, तोच टाळ्यांसाठी घेतलेला थांबा, आपण वाचलो आणि बाकीचे अंधारात, हा तोच सूर. एका पुलपिटावरून उतरून दुसऱ्या पुलपिटासमोर बसायला मी निघाले नव्हते.

या सगळ्यात जिची सोबत वाटली ती पंडिता रमाबाई. शाळेत त्यांचा धडा असतो तो समाजसुधारक म्हणून, त्यांच्या धर्मशंकांबद्दल त्यात काही नसतं. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच त्यांचं तिथल्या वडीलधाऱ्या मंडळींशी वाजलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना, आणि न पटलेलं त्या म्हणेनात. मला स्वतःची विवेकबुद्धी आहे, असं त्यांनी साफ कळवलं. पंचविशीतली बाई, परका देश, राहायची-जेवायची सोय त्याच लोकांच्या हातात, आणि पत्रात नमतं घेणं नाही. नंतर त्या कडव्या विश्वासू झाल्या, आयुष्याची अखेरची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. मला जे हवं होतं ते त्यांच्या शेवटात नाही, हे मला ठाऊक आहे. मी त्यांच्या त्या भांडणापुरतीच त्यांच्याबरोबर आहे.

मी उपासनेला जाणं थांबवलं नाही. का, असं अनेकांनी विचारलं. आई एकटी होती, तिला धरून न्यावं लागायचं, हे खरं कारण. शिवाय मला गाणी आवडतात. आणि मतांगीकाराच्या वेळी उभी राहिल्यावर काय काय म्हणता येतंय ते बघायची खोड लागली होती. दात पडल्यावर जीभ सारखी त्याच जागी जाते ना, तशी.

एक काळ असा आला की सगळ्यातून एकच ओळ उरली: ‘पंतय पिलाताच्या अमलात दुःख भोगले, वधस्तंभावर खिळला गेला, मरण पावला, त्याला पुरले.’ ती म्हणायला श्रद्धेची गरज लागत नाही. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ख्रिस्ताचा शिष्य नव्हता, त्याला ही माणसं आवडतही नव्हती. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला त्याने लिहून ठेवलं आहे की तिबेरिय या सम्राटाच्या काळात पिलात या रोमन सुभेदाराने ख्रिस्ताला देहदंड दिला. 1961 साली इस्राएलमधल्या कैसरियात एक चुनखडीचा दगड सापडला, त्यावर पिलाताचं नाव कोरलेलं आहे. म्हणजे बोट ठेवायला दगड आहे. मी अख्ख्या मंडळीत तेवढी ओळ मोठ्याने म्हणायचे आणि पुन्हा गप्प.

गंमत म्हणजे योहानात ‘सत्य काय आहे?’ हा प्रश्न विचारणारा हाच पिलात. विचारतो आणि उत्तराची वाट न बघता बाहेर निघून जातो. मला त्याचं वागणं पूर्वी उर्मट वाटायचं. आता वाटतं, कामाच्या गडबडीत असेल.

त्या ओळीवर उभं राहून मागे पाहिलं की आणखी एक दिसतं. ‘मरीयेपासून जन्मला’ आणि ‘पिलाताच्या अमलात’ यांच्यामध्ये काहीच नाही. डोंगरावरचं प्रवचन नाही, महारोग्याला लावलेला हात नाही, उधळ्या मुलाला लांबूनच ओळखणारा बाप नाही. मतांगीकाराला त्या मधल्या माणसाशी काही देणंघेणं नसावं, इतकी घाई. आणि माझं जे काही उरलं आहे, ते सगळं त्या मधल्या जागेतलं. ‘तुझ्यावर माझा विश्वास आहे’ असं आपण कोणाला म्हणतो तेव्हा त्याच्या जन्माचे दाखले तपासून म्हणत नाही. या अर्थाने माझा येशूवर विश्वास आहे का? काही दिवशी, हो.

एक ओळ परतही आली. ‘पापांची क्षमा.’ बहिणीशी माझं जुनं वैर होतं, चूक माझी होती आणि ती मी नऊ वर्षं तिच्या अंगावर ढकलली होती. एके दिवशी तिला फोन केला आणि सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “जेवलीस का?” त्यानंतरच्या रविवारी ती ओळ तोंडातून निघून गेली, मला कळायच्या आत.

मागच्या वर्षीची गोष्ट. उपासना संपवून घरी आलो. आई खुर्चीत बसून बुटांचे बंद सोडवत होती. वर न बघताच म्हणाली, “तू पिलातापर्यंत येतेस आणि गप्प होतेस.”

मी काहीच बोलले नाही. किती वर्षं ऐकत होती कोण जाणे.

“शेवटी शेवटी पुन्हा येतेस. क्षमेला.”

“हो.”

“बरं.” तिने दुसरा बूट काढला, दोन्ही शेजारी ठेवले. “मीपण एक ओळ म्हणत नाही.”

“कोणती?”

“देहाचे पुनरुत्थान.” मग थोड्या वेळाने, “तुझे बाबा गेल्यापासून. त्या देहात परत? नको गं. फार सोसलं त्यांनी त्यात.”

आठ वर्षं मी तिच्या शेजारी उभी होते आणि मला पत्ता नव्हता. मी माझ्याच गाळलेल्या ओळी मोजत होते.

पुढच्या रविवारी मी कान देऊन उभी राहिले. ‘पापांची क्षमा’ आम्ही दोघींनी म्हटलं. मग ती ओळ आली. भोवतालचे सगळे आवाज पुढे गेले, आणि माझ्या डाव्या हाताला फक्त तिचा श्वास ऐकू आला, दमेकऱ्याचा, जरा शिट्टी वाजणारा. एक ओळभर. मग तिने माझं कोपर धरलं आणि ‘सार्वकालिक जीवन’ सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हटलं.